पडद्यावरचे राक्षस

परवा नातू मोबाईलवर कसलातरी खेळ खेळत बसला होता. मान वर न करताच त्याने विचारले, "आजोबा, तुमच्या वेळच्या गेममधला सगळ्यात डेंजर व्हिलन कोण?" तोंडात आलेले उत्तर आम्ही गिळले. कारण या एका प्रश्नावर आमच्या घरात पूर्वी बरीच चर्चा झालेली आहे, आणि तिच्यात सर्वांत कमी बोलून सर्वांत जास्त सांगितले ते आमच्या आईने, जिने आयुष्यात एकदाही खेळाचे बटण दाबले नाही.

आमच्याकडे टीव्ही गेमचे यंत्र आले १९९४ च्या बोनसवर. आपण दिवाळी करत नाही, पण दिवाळीचा बोनस सोडत नाही, हा आमच्या कारखान्यातल्या आपल्या मंडळींचा ठरलेला विनोद. मनीष मार्केटातून यंत्र आणले. ते मूळ जपानी यंत्राची नक्कल होते, हे पुष्कळ वर्षांनी कळले. सोबतच्या कॅसेटवर ९९९९ खेळ असे छापले होते. थोरलीने चिकाटीने मोजून सांगितले, "पप्पा, तेच ते खेळ फिरून फिरून येतात." कारखानदारांच्या आश्वासनांची सवय असल्याने आम्हाला त्याचे फारसे नवल वाटले नाही.

खोली दहा बाय बाराची. टीव्हीसमोर पोरे, मागे भिंतीला टेकून आम्ही, आणि कोपऱ्यातल्या खाटेवर आई. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब मांडत आम्ही एका डोळ्याने पडद्याकडे पाहायचो, तशी आईही पाहायची.

सुरुवातीच्या खेळांतल्या शत्रूंना तोंडच नव्हते. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. त्यातले परग्रहावरचे प्राणी रांगा धरून खाली उतरतात, आणि जसजसे मरतात तसतसे उरलेले जोरात धावू लागतात. खेळणाऱ्याला वाटते, ते चिडले. खरे कारण असे की चित्रे कमी झाली की यंत्रावरचा भार कमी होतो आणि उरलेली चित्रे भराभर सरकतात. राग त्यांना नव्हताच, तो आपण त्यांना दिला. पुढे १९८० साली 'पॅकमॅन' आला आणि तोरू इवातानी यांनी चार भुतांना चार स्वभाव दिले. तांबडे सरळ पाठीशी लागते. गुलाबी पुढे जाऊन वाट अडवते. निळ्याचा नेम नाही. नारिंगी लांबून आवेशाने येते आणि अगदी जवळ पोचल्यावर भलत्याच कोपऱ्याकडे वळते. आमच्या मंडळाचे एक काका असेच मोर्चाला निघत आणि आझाद मैदानाच्या अलीकडे त्यांना काहीतरी काम आठवे. नारिंगी भुताला घरात त्यांचेच नाव पडले होते. ते काका आता नाहीत, म्हणून नाव लिहीत नाही.

पोरांच्या लेखी मोठा खलनायक म्हणजे 'सुपर मारिओ ब्रदर्स' मधला बाउझर. हा खेळ १९८५ चा. आठ मुलखांच्या शेवटी आठ वाडे, आणि प्रत्येक वाड्यात पुलावर उभा असलेला, तोंडातून आग ओकणारा कासवांचा राजा. त्याच्यामागच्या कुऱ्हाडीला हात लावला की पूल कोसळतो आणि तो खालच्या आगीत जातो. पण एक गंमत फार थोड्या पोरांना ठाऊक असे. कुऱ्हाडीपर्यंत न जाता त्याला आगीच्या गोळ्यांनी मारले, तर पहिल्या सातही वाड्यांत मरताना त्याचे सोंग गळते आणि आतून भलताच कोणीतरी निघतो. पहिल्या वाड्यात निघतो तो गूम्बा, खेळाच्या आरंभी पायाखाली चिरडला जातो तोच बिचारा. खरा बाउझर फक्त आठव्या वाड्यात. थोरलीने हे शोधून काढले तेव्हा आम्ही हिशेबाची वही बाजूला ठेवली. दंगलीत दगड घेऊन पुढे कोण असतो आणि आठव्या वाड्यात कोण बसलेला असतो, हे मुंबईत राहणाऱ्याला १९९३ नंतर निराळे सांगायला नको होते.

आमच्या घरात खरी खळबळ मात्र केली गोरिलाने.

'डाँकी काँग' हा १९८१ चा खेळ, शिगेरू मियामोतो या तेव्हाच्या तरुण कलावंताचा. निन्टेंडो कंपनीचा एक खेळ अमेरिकेत चालला नाही आणि यंत्रे गोदामात पडून राहिली. त्यांत घालायला नवा खेळ हवा होता. आधी विचार होता 'पॉपाय' या कार्टूनवर करण्याचा, पण त्याचे हक्क मिळाले नाहीत. मग दांडगा ब्लूटो गेला आणि त्याच्या जागी गोरिला आला. पॉपायच्या जागी आला टोपीवाला, मिशीवाला सुतार. त्याचेच नाव पुढे मारिओ. टोपी आणि मिशीसुद्धा शोभेसाठी नव्हत्या. एवढ्याशा ठिपक्यांच्या चित्रात केस आणि तोंड नीट दाखवता येत नव्हते, म्हणून. खेळ साधा. गोरिलाने बाई पळवली आहे, तो वरून पिंपे सोडतो, आणि आपण शिड्या चढत वर जायचे. शेवटी बाई मिळते आणि गोरिला डोक्यावर आपटतो.

तो आपटला की पोरे टाळ्या वाजवायची. एकदा खाटेवरून आईने विचारले, "त्यानं काय केलं व्हतं?"

"बाई पळवली ना आजी."

"का पळवली?"

पोरांना हे ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. पडद्यावर ते कुठे सांगितलेलेच नाही. पुष्कळ उशिरा वाचनात आले की कथा रचताना तो गोरिला त्या सुताराचाच पाळीव प्राणी ठरवला होता. सुतार त्याला वाईट वागवायचा, म्हणून तो सुटला आणि मालकाची मैत्रीण घेऊन पळाला. बाई पळवणे वाईटच, त्यात शंका नाही. ती बिचारी दोघांच्या भांडणात वर अडकून पडली होती, आणि तिला कोणी काही विचारलेच नाही. पण कथेचा अर्धा भाग झाकून उरलेला अर्धा आमच्या हाती दिला होता, हेही तितकेच खरे.

काही दिवसांनी थोरलीने त्याच कॅसेटवर पुढचा खेळ लावला, 'डाँकी काँग ज्युनिअर', १९८२ चा. आणि ती एकदम गप्प झाली. गोरिला पिंजऱ्यात. पिंजऱ्याशी उभा मारिओ. तो आपल्यावर चावरे सापळे सोडतो, पक्षी सोडतो. आणि आपण कोण? गोरिलाचे पोर. वेली धरून चढायचे, शेवटच्या टप्प्यात किल्ल्या साखळ्यांवरून वर ढकलत कुलपांत बसवायच्या आणि बापाला सोडवायचे.

"पप्पा, मागच्या गेममध्ये आपण मारिओ होतो ना? मग तो वाईट कधी झाला?"

आम्ही "खेळ आहे गं तो" म्हणून वेळ मारून नेली. उत्तर नव्हते म्हणून नव्हे. उत्तर होते, पण ते सांगायचे तर जी गोष्ट घरात कधी काढली नव्हती ती काढावी लागली असती. आई आमच्याकडे पाहत होती. तिला ती गोष्ट ठाऊक होती, कारण ती तिच्या डोळ्यांदेखत घडली होती.

आम्ही गावच्या शाळेत तिसरीला होतो, साल १९६२. स्नेहसंमेलनाचे नाटक बसत होते. देव, राजा, ऋषी अशी पात्रे वाटून झाली. राक्षस उरला. गुरुजींनी वर्गाच्या कडेला, आमच्या रांगेकडे पाहिले आणि म्हणाले, "याला घ्या. काळं फासायलाही नको, नुसत्या मिशा काढा." सगळे हसले. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. नाटकात काम मिळाले याचाच आनंद मोठा. आमच्या वाट्याला एकही वाक्य नव्हते. मंचावर यायचे, हात वर करून ओरडायचे आणि देवाच्या लाकडी तलवारीने मरायचे. तलवार जरा जोरातच लागली. आम्ही पडलो आणि सगळा गाव टाळ्या वाजवू लागला. आमचे लोक लांब, कडूलिंबाखाली बसले होते. त्यांच्यातलेही काही हसत होते.

घरी आल्यावर आईने राख आणि पाणी घेऊन मिशा घासून काढल्या. ओठाच्या वरची कातडी लाल होईपर्यंत घासल्या. मग विचारले, "नाटकात तू काय केलं व्हतंस रं?"

"काही नाही."

"मग मारलं कशापायी?"

त्यानंतर शाळेच्या कुठल्याही नाटकात आम्ही काम केले नाही. महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' हाती पडली ती पुढे रात्रशाळेत. पुस्तक १८७३ चे. ज्याला पाताळात घातले तो बळी प्रजेचा राजा कसा, आणि ज्याने घातले त्याची कथा कोणी लिहिली, हे त्यात वाचले तेव्हा ओठाच्या वर पुन्हा तीच आग झाली. बाबासाहेबांच्या लेखनाच्या चौथ्या खंडातल्या प्रकरणावरून १९८८ साली मुंबईत आपला प्रचंड मोर्चा निघाला, त्यात आम्ही होतो. गर्दीत लोक निरनिराळ्या घोषणा देत होते. आमच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न होता, आईचा.

तर ही गोष्ट त्या रात्री शेवटी आम्ही थोरलीला सांगितली. तिने ऐकून घेतली. काही बोलली नाही. पण त्यानंतर ती 'डाँकी काँग' लावायची नाही, 'ज्युनिअर' लावायची. धाकटा मात्र दोन्ही लावायचा. त्याचे म्हणणे, "पिंपं चुकवायला मजा येते." तेही ठीकच. पोरांनी प्रत्येक वेळी विचार करूनच खेळावे असा आमचा आग्रह नव्हता, आजही नाही.

वस्तीच्या तोंडाशी एक पार्लर होते. एक रुपयाचे नाणे टाकले की खेळ सुरू. तिथली संगत बरी नव्हती, म्हणून आम्ही धाकट्याला शोधायला जायचो आणि शोधताना स्वतः पाहत उभे राहायचो. सगळी पोरे 'मुस्तफा' वर पडलेली असायची. खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम या जपानी कंपनीचा, १९९३ चा, एका अमेरिकन चित्रकथेवर बेतलेला. पण आपल्याकडे त्याला ते नाव कोणी घेतले नाही. चार गड्यांपैकी पिवळी टोपीवाला काळा मुस्तफा पोरांनी उचलला आणि खेळालाच त्याचे नाव दिले. गडी चपळ होता, धावत जाऊन लाथ मारायचा, हे एक कारण. पण पडद्यावर काळा माणूस आला की तो मार खायलाच आला असे समजणाऱ्या आम्हाला, पोरे "मुस्तफा मी, मुस्तफा मी" म्हणून भांडतात हे पाहणेच पुरेसे होते. त्यातले खलनायक म्हणजे डायनोसॉरची चोरटी शिकार करणारी टोळी, आणि सर्वांच्या मागे जिवंत प्राण्यांवर भलतेसलते प्रयोग करणारा डॉक्टर फेसेंडन. दिसायला भयानक ते डायनोसॉर, पण अंगावर येतात ते बहुधा डिवचल्यावरच. हे मात्र पोरांच्या ध्यानात आपसूक आले होते. "त्याला लागू देऊ नको रे," असे ती एकमेकांना ओरडून सांगायची.

पुढे धाकटा मोठा झाला आणि 'फायनल फँटसी सेव्हन' नावाच्या १९९७ सालच्या खेळाच्या नादी लागला. लांब रुपेरी केसांचा, माणसापेक्षा मोठी तलवार बाळगणारा सेफिरोथ हा जगातला सर्वांत थोर खलनायक, असे त्याचे आजही मत आहे. आपण प्रयोगातून घडवलेले आहोत हे कळल्यावर तो गावच्या गाव जाळतो. चित्र म्हणून तो देखणा आहे, नाकारत नाही. पण आम्हाला त्या खेळातली शिनरा कंपनी त्याहून मोठी वाटली. तिच्या शहरात खांबांवर प्रचंड लोखंडी थाळी उभारली आहे. थाळीवर पैसेवाले राहतात, थाळीखाली झोपड्या. खालच्यांना आकाश दिसत नाही. कंपनी जमिनीतून सत्त्व उपसते, जमीन मरते. काही लोक विरोधात उठतात, तेव्हा कंपनी सातव्या विभागाचा खांब तोडते आणि थाळी वस्तीवर पाडते. आणि पुढचे ऐका. हे बंडखोरांनी केले असे तीच जाहीर करते. धाकट्याने हा प्रसंग आम्हाला मुद्दाम बोलावून दाखवला. थाळी पडली तेव्हा आमच्या घरातले कोणी टाळी वाजवली नाही.

आता आईची शेवटची गोष्ट.

१९९७ च्या पावसाळ्यात धाकट्याला संगणकाच्या क्लासला घातले. फी जड होती, पण घातले. तिथे शिकवणी संपली की पोरे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत. हा १९८९ चा खेळ, जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने केलेला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक हालचाल काढली, म्हणून त्यातला राजपुत्र खऱ्या माणसासारखा धापा टाकत पळतो. वजीर जाफरने राजकन्येला कोंडले आहे, साठ मिनिटांत बारा टप्पे पार करायचे आहेत. एवढे सगळे बसवल्यावर त्या जुन्या संगणकात नव्या शत्रूचे चित्र ठेवायला जागाच उरली नाही. मग मेकनरने राजपुत्राचेच चित्र किंचित सरकवून आपल्यावरच गिरवले आणि त्यातून एक चमकती सावली निघाली. तोच नवा शत्रू. चौथ्या टप्प्यात राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि दुसऱ्या बाजूने ही सावली बाहेर पडून पळते. पाचव्यात ती आपल्या वाटचे औषध पिऊन टाकते. सहाव्यात आपल्या तोंडावर दार पाडते. बाराव्यात तलवार उपसून समोर उभी राहते.

धाकटा आठवडाभर तिथेच अडकला. घरी येऊन जेवताना चिडचिड करायचा. "त्याला वार लागला की माझाच जीव कमी होतो. तो मेला की मी मरतो. मारायचं तरी कसं?"

आई तेव्हा वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात जायची. तिला अक्षर येत नव्हते, पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' चे वाचन ती शेवटपर्यंत बसून ऐकायची. सिद्धार्थ गौतमावर चाल करून आलेला मार म्हणजे बाहेरचा कोणी राक्षस नव्हे, मनातलेच दुष्ट विचार होते, हे बाबासाहेबांनी लिहिलेले तिच्या कानावरून गेले होते. अंगुलिमालाची गोष्ट तर ती स्वयंपाक करताना स्वतःशीच सांगायची. भाकरी मोडता मोडता तिने धाकट्याला विचारले, "दिसतोय कसा त्यो?"

"माझ्यासारखाच."

"मग मारतोस कशापायी? ठेव की तलवार खाली."

"अगं आजी, तो मारेल ना मला."

"ठेवून तर बघ."

धाकट्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही खांदे उडवले. आम्हाला त्या खेळातले काय कळणार!

दुसऱ्या दिवशी तो पावसात भिजत आला, चप्पल दाराबाहेर भिरकावून थेट खाटेपाशी गेला. सावली समोर आली तेव्हा त्याने खालच्या बाणाचे बटण दाबून तलवार म्यानात घातली होती. सावलीनेही घातली. मग तो सरळ तिच्याकडे चालत गेला आणि दोघे एक झाले. पुढे जिथे खोल दरी होती तिथे पाऊल टाकताच पायाखाली फरशा उमटत गेल्या.

"मग?" आईने विचारले.

"मग काय, पुढे जाफर आहे. त्याला लढूनच मारावा लागतो."

"त्यानं काय केलंय?"

"पोरीला कोंडलंय आजी. लग्न कर नाहीतर तासाभरात मर म्हणतोय."

आईने थोडा विचार केला. मग ओला टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला आणि म्हणाली, "मग उद्या लवकर जा."